गुडघा गरम लागतोय

पहाटे ५.४०

पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की फोनवरचं पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. दुसरं पोचलं. “ताई, गुडघा गरम लागतोय.”

एवढं पुरतं. मुलगा नऊ वर्षांचा, वजन बावीस किलो, हिमोफिलिया ए, तीव्र प्रकारातला. रोज सकाळी तो उठायच्या आत त्याची आई हाताची पालथी बाजू आधी एका गुडघ्याला लावते, मग दुसऱ्याला. दोन्ही सारखे लागले की ती चुलीकडे वळते. एक गरम लागला की माझा फोन वाजतो. सांध्यात रक्त उतरायला लागलं की आधी ऊब येते, मग सांधा ताठतो, सूज सगळ्यांत शेवटी दिसते. लोक सूज दिसल्यावर आजार मानतात. तोवर आमच्या हातातले सगळ्यांत कामाचे तास निघून गेलेले असतात.

“पडला का कुठं?”

“न्हाई. काल शाळेतनं आल्यावर म्हणला, गुडघ्यात उंदीर फिरतोय. मला वाटलं मस्करी करतोय.”

मस्करी नव्हती. डोळ्यांना काही दिसायच्या आधी मुलांना आत काहीतरी कळतं. कुणी मुंग्या म्हणतं, कुणी गुणगुण म्हणतं. याचा उंदीर. पुढच्या वेळी उंदीर म्हणाला की लगेच फोन, असं तिला सांगितलं. आत्ता पाय उशीवर, क्रेप बँडेज सैलसर, गार पाण्याची घडी वीस मिनिटं, मग विश्रांती. बर्फ मिळणार नव्हता. रात्री दोनपासून लाईट नाही.

“मग बाटलीचं काय? दुकानाचा फ्रिज बंद हाय.”

फॅक्टरच्या बाटल्या त्यांच्या वाडीतल्या किराणा दुकानाच्या फ्रिजमध्ये असतात, घरात फ्रिज नाही म्हणून. भुकटीच्या या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या, पण मावळातल्या जुलैच्या गारठ्यात दार न उघडलेल्या फ्रिजमध्ये चार-पाच तासांत काही बिघडत नाही. गोठल्या तर मात्र वाया जातात. दुकानदाराला हे एकदा समजावलंय, त्यानं बर्फाच्या कप्प्यापासून लांब, अंड्यांच्या जागेवर डबा ठेवलाय. डब्यावर खडूनं लिहिलंय: हात लावू नये.

पुण्याच्या डॉक्टरांना मेसेज टाकला. उत्तर आलं: ५०० युनिट द्या, संध्याकाळी मोजमाप कळवा.

६.२५

नसरापूर ते वेल्हे रस्ता उन्हाळ्यात पाऊण तासाचा, आज किती ते पावसावर. कागदोपत्री वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं २०२४ साली राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं. एसटीच्या कंडक्टरला मात्र “एक वेल्हे” म्हटलेलंच समजतं. आंबवणं गेलं, मार्गासनी गेलं. तोरणा ढगात. विंझरच्या अलीकडे रस्त्याला पाणी लागलं म्हणून गाडी हातानं ढकलली.

अशा रस्त्यानं जाताना आजाराचं गणित आपोआप डोक्यात चालतं. रक्त गोठवणाऱ्या घटकांची एक साखळी आहे. त्यातला आठवा घटक कमी असला तर हिमोफिलिया ए, नववा कमी असला तर बी. ए प्रकार जन्मणाऱ्या साधारण पाच हजार मुलग्यांत एकाला असतो. घटक एक टक्क्याहून कमी असेल तर तीव्र, आणि अशा मुलाला रक्तस्राव व्हायला धडपडावं लागत नाही. गुडघा, घोटा, कोपर, हेच सांधे पुन्हा पुन्हा भरतात. रक्त सांध्यात राहिलं की आतलं अस्तर सुजतं, सुजलेलं अस्तर पुन्हा लवकर फुटतं, आणि एकच सांधा मार खात राहतो. याचा डावा गुडघा तसा आहे. उजव्यासारखा तो पूर्ण सरळ होत नाही.

औषध साधं आहे: नसलेला घटक, म्हणजेच फॅक्टर, शिरेतून द्यायचा. एका किलोमागे एक युनिट दिलं की रक्तातली पातळी साधारण दोन टक्क्यांनी चढते. बावीस किलोला ५०० युनिट म्हणजे पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास. आठ ते बारा तासांत त्यातलं निम्मं संपतं. म्हणून या आजारात अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोगाचं नाही. वाडीतून चालत डांबरीपर्यंत, तिथून वेल्हे, वेल्ह्याहून स्वारगेट, तिथून ससून, मग केसपेपरची रांग. मुलगा खांद्यावर. सकाळी निघालेलं घर दुपारी सुईपर्यंत पोचायचं, आणि गुडघा तेवढा वेळ भरत राहायचा.

८.००

घरी पोचल्या पोचल्या माझं लक्ष मुलाकडे जायच्या आधी अंगणातल्या इरल्यांकडे गेलं. आवणीचे दिवस. तरवा उपटून जुड्या बांधून ठेवलेल्या, आणि दारात तीन बाया ताटकळत उभ्या.

“आज आमच्याकडची सावड हाय,” आई म्हणाली. “सहा बाया येणारेत. मी घरात बसले तर कसं व्हायचं?”

सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या. पैसे नाहीत, पण हिशेब पक्का. आजारी मुलाच्या आईचं पहिलं काय मोडत असेल तर हा हिशेब. दरवेळी ती दुसऱ्यांची देणेकरी होते, मग तिला बोलावणं कमी होतं, मग तिची लावणी मजुरीनं करावी लागते. शाळेत, बैठकीत, कुठंही लोक विचारतात, आम्ही या घरासाठी काय करायचं. मी सांगते, तिची सावड फेडा. सल्ला नको, माळ नको, ओळखीतल्या बाबाचा पत्ता नको. दारातल्या थोरल्या जावेला मी तेच म्हणाले. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “मी करते तिच्या वाटचं. तू बस गं पोराजवळ.” आणि बाया खाचराकडे गेल्या.

मुलगा भिंतीला टेकून, पाय गोधडीच्या गुंडाळीवर. चेहरा कोरा. दुखणाऱ्या मुलाचा हा कोरा चेहरा नवख्या माणसाला फसवतो. रडत नाही म्हणजे दुखत नसेल! खूप दुखणारं मूल हालचालच वाचवतं. मी दुखणं मोजायचा चेहऱ्यांचा तक्ता काढला नाही, त्यावर तो नेहमी मधलाच चेहरा दाखवतो, मला बरं वाटावं म्हणून. विचारलं, “उंदीर केवढा?”

“घूस झालीय.”

आता सुई. आज ती आईनं घालायची, हे मागच्या महिन्यातच ठरलेलं. माझ्या हातावर तिनं सराव केलाय, पुण्याला केंद्रात सिस्टरसमोर केलाय. तरी आपल्या पोराची शीर वेगळी.

तिनं चिखलाचे हात कोपरापर्यंत साबणानं धुतले, नखं ब्रशनं घासली. आवणीच्या दिवसांत बायांच्या बोटांच्या बेचक्या पाण्यानं कुजतात, तिच्याही पांढऱ्या पडल्या होत्या. म्हणून आधी हातमोजे. दोन्ही बाटल्या तळहातात धरून बसली, गारवा जाईपर्यंत. मग पाणी भुकटीच्या बाटलीत सोडलं, बाटलीच्या भिंतीवरून, हळू. इथं सगळे घाई करतात आणि बाटली हलवतात. हलवली की फेस. तिनं ती दोन बोटांत धरून नुसती फिरवली, भुकटी विरली, पाणी नितळ झालं. सिरिंजमध्ये ओढलं, हवा काढली. रबर बांधलं. मुलानं मूठ आवळली आणि स्वतःच सांगितलं, “हितली घे, परवाची नको.” हाताच्या मागची, करंगळीकडची शीर. त्याला आपल्या शिरा पाठ आहेत.

बारीक स्काल्पव्हेन सुई. तिनं श्वास धरला, तो मला ऐकू आला. सुई आत गेली आणि नळीत लाल रेघ मागं आली. “रबर सोड,” मी म्हणाले. तिच्या लक्षात नव्हतं. मग तिनं सिरिंज इतकी सावकाश दाबली की मला घड्याळ बघायचा मोह झाला. घाई करण्यापेक्षा हे बरं. सुई काढून कापसावर पाच मिनिटं अंगठा. बाटलीवरचं लेबल सोलून वहीत चिकटवलं: बॅच नंबर, तारीख, वेळ ८.३५, कुठला सांधा, कशानं. कशानं या रकान्यात तिनं लिहिलं: आपोआप. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बरणीत. ती बरणी भरली की मी घेऊन जाते.

डॉक्टरांना पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा थोडा-थोडा फॅक्टर सुरू करायचाय, रक्तस्राव व्हायची वाट न बघता. माझ्यासारखी बाई आठवड्यातून दोनदा येणं शक्य नाही, आणि तसं असूही नये. आजची सुई त्यासाठी.

“आता दुखायचं थांबलं का रं?” आजीनं लगेच विचारलं. थांबत नाही. फॅक्टरनं गळती थांबते, आत साठलेलं रक्त जिरायला दिवस लागतात. हे आधी सांगितलं नाही तर घराला वाटतं, औषध लागू पडलं नाही, आणि संध्याकाळी कुणीतरी हाडवैद्याकडे नेऊन गुडघा चोळून आणतं. दुखण्याला पॅरासिटामॉल, वजनाच्या मापानं. आयबुप्रोफेन नाही, ॲस्पिरिन नाही, त्यांनी रक्तस्राव आणखी वाढतो. दुकानात मिळणाऱ्या कितीतरी तापाच्या औषधांत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन घातलेलं असतं, म्हणून मी बाटलीवरचं लेबल मोठ्यानं वाचायला लावते, मुलाच्या बहिणीला. घरात सगळ्यांत चांगलं वाचन तिचं. दंडात-कुल्ल्यात इंजेक्शन तर नाहीच.

९.२०

मुलाच्या डाव्या गुडघ्यावर दोन गोल, काळपट डाग आहेत. बिब्ब्याचे. तीन वर्षांचा असताना पाय सुजला, तेव्हा आजीनं बिब्बा घातला होता. कातडी भाजली, सूज वाढली, आणि त्या निमित्तानं पहिल्यांदा पुण्याला नेला. आजार तिथं कळला. आजी हे डाग बघत नाही. मी तिला कधी त्यावरून बोलले नाही, आणि जे बोलतात त्यांना थांबवते. तिच्या लहानपणी या डोंगरात दुसरं होतं काय?

पण तिच्या दुसऱ्या एका वाक्याला मी दरवेळी अडवते. “आमच्या खानदानात असलं कधीच न्हवतं.” म्हणजे सुनेच्या माहेरानं आणलं. खरंय की हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. पण साधारण तीनातल्या एका घरात मागं कुणालाच हा आजार नसतो, बदल नव्यानंच झालेला असतो. आणि असला काय, नसला काय, आईनं तो निवडून दिलेला नाही. आजीला गुणसूत्र सांगून मी कंटाळले. आज तिनं पुन्हा सुरू केलं तेव्हा मी म्हणाले, “आजी, विलायतेच्या राणी व्हिक्टोरियाच्या एका पोराला याच जातीचं दुखणं होतं. तिच्या लेकी-नातींनी ते युरोपातल्या राजघराण्यांत नेलं. त्यांचंही खानदान होतं.”

आजी म्हणाली, “राणीला सासू न्हवती व्हय?”

यावर काय बोलणार! सून तोंडाला पदर लावून हसली. हसली हे महत्त्वाचं.

निघताना बहिणीनं मला गोठ्याजवळ गाठलं. बारा वर्षांची. “ताई, त्याला मारायचं नाही ना? मग तो मला मारतो. आणि मग म्हणतो, मार बघू.” पाणी ती आणते, आज शाळा तिची बुडाली, आणि घरातलं सगळं बोलणं त्याच्या गुडघ्याभोवती. मी परत आत गेले. त्याला सांगितलं, की हात उगारला तर घूस असो वा उंदीर, त्या दिवशी मोबाईल बंद. आईला सांगितलं, की आजच्या दिवसात एक तास हिचा. कसला, ते हिनं ठरवायचं. तिनं तिथल्या तिथं ठरवलं: केसांना तेल लावून दोन वेण्या.

१०.५०

जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन शिक्षक, चार वर्ग. मुलाची खाडे-वही भरलेली.

“मॅडम, रागावू नका,” गुरुजी म्हणाले, “पण काल हा पळत होता. आज पाय उचलत नाही म्हणता. पोरं पण शिकतात हो.”

हा संशय मला जवळजवळ प्रत्येक शाळेत भेटतो, आणि तो दुष्टपणानं आलेला नसतो. कधी बरा, कधी आडवा, असला आजार माणसाला पटत नाही. कायम कुबडी असती तर पटला असता. मी गुरुजींना वहीतली लेबलं दाखवली. तारखा त्यांच्या हजेरीशी जुळवून बघितल्यावर ते गप्प झाले. मग कामाचं बोललो. बसायला जमिनीऐवजी बाक. घरी राहिला तर धडे बहिणीकडून पाठवायचे. डोक्याला मार लागला तर, वरून काही दिसत नसलं तरी, लगेच फोन, कारण डोक्यातला रक्तस्राव थांबत नाही. नाकातून रक्त आलं तर डोकं मागे नाही, पुढे झुकवून नाकपुडी दाबायची. छडी अर्थातच नाही. ती तशी कुणालाच नाही. चालणं, पोहणं चालेल, सांध्यांभोवतीचे स्नायू बळकट झाले तर रक्तस्राव कमी होतात. कबड्डी नको.

“कबड्डीत तोच पंच असतो,” गुरुजी म्हणाले. “फार भांडतो.”

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तीनही आजार आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं. परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो. हाताचा सांधा भरला तर लेखनिकसुद्धा. त्यांनी ते लिहून घेतलं.

१२.३०

वेल्हे. आशांची बैठक. दहा मिनिटं मागून घेतली. रांगायला लागलेल्या बाळाच्या अंगावर निळे-काळे डाग, लस टोचल्यावर मांडी टेंगळासारखी सुजणं, जीभ चावल्यावर दिवसभर ठिबकणारं रक्त. असं दिसलं की मारहाणीचा संशय घ्यायच्या आधी रक्त तपासा. मुलांच्या शाळा-अंगणवाडीतल्या तपासणीचं पथक येतं, त्यांना दाखवा. एका आशानं विचारलं, लस द्यायचीच नाही का? द्यायची. बारीक सुईनं, जमेल तिथं कातडीखाली, आणि नंतर पाच मिनिटं दाबून. लस चुकवलेली मुलं मी बघितली आहेत.

मग तहसील. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो, दाखल्याला तलाठ्याचा कागद, आणि तलाठी आज पंचनाम्याला. दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डासाठी तारीख मिळाली, पुण्याची. म्हणजे आणखी एक दिवस, आणखी एक मजुरी. फॅक्टर सरकारी रुग्णालयात फुकट मिळतो, हिमोफिलियाच्या रुग्णाला एसटीत सवलत आहे. पण बापाचा रोज, आईचा रोज, तिथलं खाणं, हे कुणाच्याच योजनेत बसत नाही. बचत गटाचं कर्ज त्यासाठीच निघतं, मी वह्या बघितल्यात.

२.१५

चेलाडी फाट्यावर वडापाव आणि चहा. मोजे पिळून सीटखाली टाकले.

इथं बसून दरवेळी एकच विचार येतो. एमिसिझुमॅब नावाचं औषध आहे, कातडीखाली टोचायचं, आठवड्याला, पंधरवड्याला किंवा चार आठवड्यांनी एकदा. शीर शोधायला नको. ते नियमित मिळालं तर बहुतेक मुलांचे आपोआप होणारे रक्तस्राव फार कमी होतात. अमेरिकेत २०१७ साली त्याला पहिली परवानगी मिळाली. केरळनं १८ वर्षांखालच्या मुलांना ते सरकारी योजनेतून द्यायला सुरुवात केली आहे. महाग आहे हे खरं. पण एका निकामी गुडघ्याचा आयुष्यभराचा हिशेब कुणी मांडून बघितला, तर ते कितपत महाग राहतं याची मला शंका आहे. मी आकडेवाली बाई नाही. ज्यांना आकडे येतात त्यांनी मांडावा.

३.४०

कापूरहोळवरून भोर. राजवाड्याच्या मागच्या आळीत एक घर. इथली मुलगी चौदा वर्षांची, तिला लहान मुलांचा संधिवात. सोळा वर्षांच्या आत सुरू होऊन सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली सांध्यांची सूज, आणि दुसरं कारण सापडत नाही, त्याला हे नाव. तिच्या दुखण्याची वेळ सकाळची. उठल्यावर बोटं मिटत नाहीत, पावलं टेकवत नाहीत, तासाभरानं हळूहळू सुटतात. दुपारी आलेल्या पाहुण्याला ती धडधाकट दिसते. “या वयात कसला आलाय संधिवात?” हे तिनं इतक्यांदा ऐकलंय, की पाहुणे आले की ती मुद्दाम अभ्यासाला बसते.

औषध मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदा. हे एकदा मी दर भेटीला तपासते, कारण रोजच्या गोळ्यांच्या सवयीनं कुणी ती रोज दिली तर जिवावर बेतू शकतं. कालनिर्णयवर प्रत्येक रविवारी लाल गोल, आणि दिली की त्यात फुली. फुल्या बरोबर होत्या. फोलिक ॲसिडच्या गोळ्या वेगळ्या डबीत. डोळ्यांची तपासणी चुकली होती. या आजारात डोळ्याच्या आत सूज येते, दुखत नाही, लालही होत नाही, आणि नजर जाते. तारीख घेऊन दिली.

खरं काम होतं शाळेचं. तिची तुकडी सकाळच्या सत्रात, सातला. त्यासाठी घर चारला उठायचं, पाणी तापवायचं, तिचे हातपाय शेकायचे. आईचे डोळे खोल गेलेले. मुख्याध्यापिकांना आठवड्यापूर्वी पत्र दिलं होतं, आज दुपारच्या तुकडीत बदली झाल्याचं मुलीनंच सांगितलं. “मैत्रिणी गेल्या पण,” ती म्हणाली. माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मग ठरलं, शनिवारी सगळ्यांची शाळा सकाळची असते, त्या दिवशी ती मैत्रिणींबरोबर जाईल, थोडं दुखलं तरी. आई नको म्हणत होती. मी मुलीच्या बाजूनं.

५.५०

वाडीतून फोन, लाईट आल्याचा आणि मोजमापाचा. टेप नसली तरी चालतं म्हणून मी एक सुतळी देऊन ठेवली आहे. गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध गुंडाळायची, दोन्ही टोकं भेटतात तिथं गाठ मारायची. सकाळची गाठ आणि संध्याकाळची गाठ एकाच जागी. “वाढला न्हाई,” आई म्हणाली. वाकवून नाही ना बघितला? नाही. डॉक्टरांनी उद्या सकाळी आणखी एक डोस सांगितला.

“मीच देऊ?”

“तूच. मी फोनवर असते.”

पलीकडून जावेचा आवाज आला, की खाचर पुरं झालं.

७.३०

मुलाचा बाप शिरवळच्या कंपनीत, या आठवड्यात रात्रपाळी. तो फोन करत नाही, म्हणून मी करते. सगळे आईशी बोलतात. बापाला निरोप मिळतात आणि खर्च मिळतो. सुरुवातीला तो हो-नाही पुरतं बोलायचा. सुई बघवत नाही म्हणून दरवेळी बाहेर जाऊन उभा राहतो, आणि वाडी म्हणते, याला काही पडलेली नाही.

आज मी सांगितलं, बायकोनं पहिल्या झटक्यात शीर धरली.

“पहिल्या झटक्यात?” मग बराच वेळ मागं मशीनचाच आवाज. “मला बाटली फिरवायला शिकवा. सुई नाय जमायची. बाटली फिरवतो.”

शिकवते म्हटलं. आणि सुपरवायझरला द्यायचं पत्र लागेल का विचारलं. लागेल म्हणाला. खाडे झाले की ठेकेदार नाव कापतो. उद्या व्हॉट्सॲपवर टाकते.

९.१०

वह्या लिहीत होते तेव्हा अनोळखी नंबर. त्या मुलाची मावशी. वय एकवीस, भोरजवळ राहते, कॉलेज संपलं. आवाज एवढा दबका की ती मोरीत जाऊन बोलत असावी.

“ताई, रविवारी बघायला येणारेत. दीदी म्हणते, आधी तुम्हाला विचार. माझ्यात पण असेल का ते?”

असू शकतं, नसूही शकतं. तिच्या आईत हा दोष असेल तर हिच्यात असायची शक्यता निम्मी. आईत नसेल, आणि बदल दीदीपासूनच सुरू झाला असेल, तर हिला काळजी नाही. नुसती फॅक्टरची पातळी बघून भागत नाही, वाहक बाईत ती नॉर्मलही येते. पण भाच्याच्या जनुकातला नेमका दोष कुठला, ते आधीच शोधलेलं आहे. हिच्या रक्तात तेवढाच शोधायचा. वाहक निघाली तरी लग्न, मुलं, काही अडत नाही. गरोदरपणात कुठं दाखवायचं, बाळंतपण कुठं करायचं, ते आधी ठरवता येतं.

“पण त्यांना सांगायचं का? मोडलं तर?”

यावर माझं मत पक्कं आहे, तरी मी ते लगेच दिलं नाही. तिला विचारलं, तुला काय वाटतं. ती म्हणाली, लपवून गेले तर दीदीसारखं ऐकून घ्यावं लागेल आयुष्यभर. मग मी म्हणाले, आधी तुझं तुला कळू दे. रिपोर्ट तुझ्या हातात, आईच्या नाही, दीदीच्या नाही, माझ्याही नाही. मग कुणाला, कधी, काय सांगायचं ते तू ठरव. पाहुण्यांसमोर बोलायची वेळ आली आणि तुला हवं असेल तर मी येऊन बसेन. रिपोर्ट यायला वेळ लागेल, रविवारपर्यंत यायचा नाही. रविवारी पोहे दे आणि होकाराची घाई करू नको.

गुरुवार ठरला. भोरहून सकाळची स्वारगेट एसटी, ती चढेल भोरला, मी कापूरहोळला. आधार कार्ड, भाच्याच्या रिपोर्टची झेरॉक्स.

“उपाशीपोटी यायचं का?”

“नाही गं. खाऊन ये. तिथं रांग मोठी असते.”